निवृत्त पायलट परत येतात तेव्हा बसतात कुठे?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. माझा मामा हवाई दलात फायटर पायलट होता, आता विमान कंपनीत कॅप्टन आहे. सीमेवर तणाव वाढला की तो म्हणतो, "बोलावलं तर उद्या जाईन." अमेरिकेत हवाई दलाने निवृत्त पायलटांना परत घेतलं, असंही मी वाचलं. माझा प्लॅन असा आहे : शॉर्ट सर्व्हिसमधून (ठरावीक वर्षांच्या सेवेतून) हवाई दलात जायचं, 14 वर्षांनी एअरलाइनमध्ये जायचं आणि सोबत रिझर्व्हमध्ये (राखीव दलात) राहून गरज पडेल तेव्हा लढाऊ विमान उडवायचं. आई म्हणते, त्यापेक्षा सरळ सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) कर. तिची दुसरी शंका, एकदा सोडल्यावर परत बोलावणं म्हणजे सक्ती तर नसते ना? माझा प्लॅन बरोबर आहे का?
— बारावीतली एक विद्यार्थिनी (नाव राखून ठेवले आहे)

उत्तर :

तुझ्या प्लॅनचे पहिले दोन टप्पे चांगले आहेत आणि ते अनेकांनी पार पाडलेले आहेत. अडचण तिसऱ्यात आहे. तू कल्पना केली आहेस तशी सोय, म्हणजे पाच दिवस एअरलाइन आणि मध्येच फायटर, आपल्याकडे आज नाही. त्यामुळे तिच्या भरवशावर पहिले दोन निर्णय घेऊ नकोस. पण तू विचारलंस ते मोलाचं आहे. परत येणाऱ्या पायलटांचं पुढे काय होतं हे पाहिलं की हा पेशा कशावर चालतो ते कळतं.

आधी अमेरिकेची गोष्ट, कारण ती अर्धवट फिरते. 2017 साली तिथल्या हवाई दलात दीड हजारांहून अधिक पायलट कमी होते. सरकारने ज्यांना शिकवलं ते एअरलाइनकडे चालले होते. तिथे विमान कंपन्यांचे पायलट 65 व्या वर्षी सक्तीने निवृत्त होतात. त्यांची मोठी पिढी बाहेर पडत होती. शिवाय 2013 पासून को-पायलटलाही साधारण 1500 तासांचा अनुभव लागू लागला, म्हणजे तयार लष्करी पायलटाला आणखी भाव. हवाई दलाने वर्षाला 35,000 डॉलरपर्यंत बोनस देऊ केला, तरी गळती थांबेना. मग त्या वर्षी जुलैमध्ये निवृत्तांसाठी स्वेच्छेने परत येण्याची योजना निघाली. जागा किती? सुरुवातीला फक्त 25. पुढे ती मर्यादा हजारापर्यंत वाढवली, पण पहिल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष परतलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

आता मथळ्यातला प्रश्न. त्या पहिल्या 25 जागा कॉकपिटमधल्या नव्हत्याच. त्या स्टाफच्या होत्या : नियोजन, मुख्यालयातली कामं, म्हणजे जी खुर्ची उडण्याचा अनुभव असलेल्या अधिकाऱ्यालाच द्यावी लागते ती. हिशेब साधा होता. निवृत्ताला टेबलावर बसवायचं आणि त्या टेबलावर अडकलेल्या तरुण पायलटाला स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, परत पाठवायचं. तुझ्या डोळ्यांसमोर हेल्मेट घालून शिडी चढणारा पन्नाशीचा माणूस असेल, तर त्याच्या जागी फायली चाळणारा माणूस ठेव. मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही. ते काम अत्यंत गरजेचं असतं. फक्त त्याचे फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

दुसरी जागा मिळते ती प्रशिक्षकाची, आणि माझ्या मते खरी किंमत तिथेच आहे. पायलटांची तूट पडली की सगळ्यात आधी प्रशिक्षक कमी पडतात. प्रशिक्षक कमी म्हणजे नवे पायलट कमी, आणि काही वर्षांनी पुन्हा प्रशिक्षक कमी. हे चक्र तोडायला मुरलेला माणूस लागतो, आणि विशीतल्या पोराची रिफ्लेक्स नसली तरी त्याला चालतं. मामाला पुढच्या वेळी विचार, तो क्वालिफाइड फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होता का. असेल, तर त्याच्या "उद्या जाईन"ला खूप वजन आहे.

फायटरमध्ये थेट परतणं का अवघड? सायकल शिकलेला माणूस विसरत नाही, तसं हे नाही. आजच्या लढाऊ विमानात थ्रॉटल आणि स्टिक या दोन्हींवर बटणांची गर्दी असते, म्हणजे हात न हलवता रडार, क्षेपणास्त्र, रेडिओ सगळं चालवता यावं. कोणतं बटण कोणत्या मोडमध्ये किती वेळ दाबलं की काय होतं, हे बोटांत मुरलेलं असावं लागतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की त्यातलं काही बदलतं. चार वर्षं बाहेर राहिलेल्या पायलटाची बोटं जुन्या आवृत्तीची सवय घेऊन येतात आणि घाईच्या क्षणी नेमकं तेच दाबतात. नवशिक्याला फक्त शिकावं लागतं, याला आधी जुनं पुसावं लागतं.

मग शरीर. जोरदार वळणात 7-8 जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सात-आठ पट ओढ) चढतात तेव्हा डोकं आणि हेल्मेट मिळून जे काही किलो असतात ते मानेला त्याच पटीत जड होतात. रक्त पायांकडे खेचलं जातं, नजर कडेकडून काळवंडत येते. पाय आणि पोट आवळून, ठरावीक लयीत श्वास रोखून रक्त वर टिकवायचं असतं. हा सराव जिमचा नाही, तो उडतानाच टिकतो. एअरलाइनचा कॅप्टन उत्तम पायलट असतो, हजारो तासांचा असतो, पण त्याच्या कामात प्रवाशाच्या कपातला चहा सांडू नये यातच कौशल्य असतं.

तरीही माणसं परत जातात. युक्रेनचे कर्नल ओलेक्सांद्र ओक्सान्चेन्को सुखोई-27 च्या हवाई कसरतींसाठी युरोपभर प्रसिद्ध होते. 2018 मध्ये ते सेवेतून बाहेर पडले. 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने आक्रमण केलं तेव्हा वयाच्या 53 व्या वर्षी ते पुन्हा विमानात बसले आणि युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी कीवजवळ मारले गेले. त्यांच्या कौशल्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. मी हे तुला घाबरवायला सांगत नाही. "गरज पडली तर जाईन" हे वाक्य पत्रात एका ओळीत मावतं, प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय असतो ते तुला माहीत असावं.

तुझ्या मनात आहे तसली दुहेरी कारकीर्द जगात आहे, हेही सांगायला हवं. अमेरिकेत एअर नॅशनल गार्ड आणि एअर फोर्स रिझर्व्ह आहेत. तिथले बरेच पायलट एरवी एअरलाइनमध्ये असतात. कागदावर बांधिलकी महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून दोन आठवडे, पण कौशल्य टिकवायचं तर पायलटांना त्याहून बरेच जास्त दिवस द्यावे लागतात. लष्करी सेवेसाठी गेल्यावर नागरी नोकरी जाऊ नये म्हणून 1994 चा स्वतंत्र कायदा आहे. इस्रायलमध्ये राखीव पायलट साधारण आठवड्यातून एक दिवस आपल्या स्क्वाड्रनला येऊन उडतात. म्हणून गरज पडली की ते लगेच कामाला येतात. या व्यवस्था एखाद्याच्या उत्साहावर उभ्या नाहीत. त्यांना विमानं लागतात, तास लागतात, कायदा लागतो आणि कुरकुर करत का होईना रजा देणारा मालक लागतो.

आपल्याकडे काय आहे? कायदा आहे आणि जुना आहे : रिझर्व्ह अँड ऑक्झिलरी एअर फोर्सेस ॲक्ट, 1952. त्यात नियमित राखीव दल, हवाई संरक्षण राखीव दल आणि सहायक हवाई दल असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या काळात हौशी-नागरी पायलटांच्या ऑक्झिलरी स्क्वाड्रन प्रत्यक्षात उभ्याही राहिल्या होत्या. त्या पुढे राहिल्या नाहीत. आणि आजची अडचण दुहेरी आहे. पायलटांची तूट कॅगच्या अहवालातही नोंदली गेली आहे, पण विमानंही कमी आहेत. मंजूर लढाऊ स्क्वाड्रन 42 आणि सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 निवृत्त झाल्यावर उरल्या 29. जिथे रोजच्या पायलटांनाच तास वाटून घ्यावे लागतात, तिथे रविवारी येणाऱ्या पाहुण्याला कोण विमान देणार?

आईची शंका रास्त आहे, तिला हे वाचून दाखव. स्वेच्छेने परत येणं आणि परत बोलावलं जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने निवृत्तांना परत बोलावण्याचा अधिकार वाढवला तेव्हा तिथेही सक्तीची बोंब झाली, आणि हवाई दलाला आपण फक्त इच्छुकांनाच घेणार हे सांगावं लागलं. आपल्या कायद्यातही राखीव दलातल्या माणसाला बोलावण्याची तरतूद आहे. म्हणून कमिशन (अधिकारीपद) घेताना हातात पडणाऱ्या कागदांत सेवेनंतरच्या दायित्वाबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं. एकविसाव्या वर्षी ते कोणी वाचत नाही. तू वाच.

आता वाटा. तुझ्यापुढे पहिली वाट शॉर्ट सर्व्हिसची नाही, एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) आहे, आणि तिचा तू उल्लेखच केला नाहीस. 2022 पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, बारावीत असतानाच देता येते, वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस. ही खिडकी लवकर बंद होते. तिथून कायम कमिशन मिळतं, आणि अधिकाऱ्याला पेन्शनसाठी 20 वर्षांची सेवा लागते. पण मनात आलं की सोडता येत नाही. परवानगी दलाच्या गरजेवर असते.

दुसरी वाट पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची सामायिक प्रवेश परीक्षा. वय 20 ते 24, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत. फ्लाइंग शाखेला 14 वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, पेन्शन नाही. तेविसाव्या वर्षी कमिशन धरलं तर सदतिशीत बाहेर, आणि एअरलाइनमध्ये 65 पर्यंत उडता येतं, म्हणजे हाताशी 28 वर्षं. हे गणित मला आवडतं. पण तू गृहीत धरलंय की तू फायटरवरच असशील. प्रशिक्षणात फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशी विभागणी होते. ती गुणवत्ता आणि दलाची गरज पाहून होते, केवळ तुझ्या पसंतीवर नाही. गंमत अशी की ज्या ट्रान्सपोर्टकडे बहुतेक मुलं नाक मुरडतात, तिथून एअरलाइनची वाट सर्वात सोपी. दोन इंजिनं, दोन पायलट, लांबची उड्डाणं, सगळं ओळखीचं. फायटरवाल्याला तास असूनही बरंच नव्याने जुळवावं लागतं. आणि नागरी परवान्यासाठी डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर दोघांनाही चुकत नाहीत.

एक गोष्ट कोणीच वेळेवर सांगत नाही. सीपीएसएस, म्हणजे पायलटसाठीची संगणकीय चाचणी, आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालेल्याला फ्लाइंगचं दार कायमचं बंद होतं. एनडीएतून गेलीस तरी तीच, एएफकॅटमधून गेलीस तरी तीच. तेव्हा "सहज देऊन बघू" म्हणून जायचं नाही.

आईची सीपीएलची वाट चुकीची नाही, फक्त महाग आहे. 200 तासांचं उड्डाण आणि पुढचं टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची मान्यता) धरून खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे सहज जातो, आणि परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली असं नाही. मात्र तिच्या बाजूचा एक मुद्दा : डीजीसीएचं चालू सीपीएल असेल तर एएफकॅटच्या फ्लाइंग शाखेची वयोमर्यादा 26 पर्यंत सैल होते. सोबत पदवी मात्र पूर्ण हवी. म्हणजे तुम्हा दोघींचे रस्ते वाटतात तितके वेगळे नाहीत.

माझं मत विचारशील तर एनडीएचा फॉर्म भर, तयारी एएफकॅटपर्यंत पुरेल अशी कर, आणि रिझर्व्हचा विचार सध्या बाजूला ठेव. चाळिशीत तशी सोय आलीच, तर ज्याचं मेडिकल धड आहे, लॉगबुक (उड्डाणांच्या तासांची नोंदवही) नीट आहे आणि ज्याने प्रशिक्षक म्हणून काम केलंय, त्याला आधी विचारतील. त्या तिन्हींची सुरुवात सेवेत असतानाच करावी लागते.

त्याआधी या आठवड्यात दोन कामं कर. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन नंबर आणि रंगांची ओळख तपासून घे. आणि भिंतीला टेकून, कोणाची तरी मदत घेऊन मापं घे : उंची किमान 162.5 सेंमी, पायाची लांबी 99 ते 120, बसून उंची 81.5 ते 96, मांडीची लांबी 64 पर्यंत. कॉकपिटला तुझी जिद्द दिसत नाही, मापं दिसतात. अर्धा सेंमी इकडेतिकडे आला तर घाबरू नकोस, घरची टेप लबाड असते. आकडे आणि जन्मतारीख मला लिहून पाठव. मापांत बसत नसलीस तर सीपीएलच्या कर्जाचं गणित आपण आईला सोबत घेऊन मांडू, कारण नागरी विमानाला ही मापं लागत नाहीत.