बंबाचा इनलेट पंपाच्या आधी की नंतर?

प्रश्न : आमच्या गोदामात स्प्रिंकलरचे काम चालू आहे. ठेकेदाराने फायर ब्रिगेडचा इनलेट (बंबाची होज लावून बाहेरून पाणी आत सोडायचे तोंड) पंपाच्या सक्शन हेडरला, म्हणजे पंपात पाणी येणाऱ्या पाइपाला, जोडला. बंबाचे पाणी पंपातून गेले की दाब वाढूनच मिळतो, असे तो म्हणतो. (वाळूज)

उत्तर : ती जोडणी आजच काढायला लावा. इनलेट असतो तो तुमचा पंप दगा देईल त्या वेळेसाठी. आगीत वीज तोडली जाते, डिझेल पंपाची बॅटरी ऐनवेळी उतरलेली निघते, कोणीतरी डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा, व्हॉल्व्ह बंद करून विसरलेला असतो. सक्शनला जोडलेल्या इनलेटचे पाणी या सगळ्या अडचणींतूनच जाणार. शिवाय आपल्याकडे बहुतेक पंप टाकीतून पाणी घेतात. मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, नसेल तर बंबाचे पाणी सरळ टाकीत परत जाईल. एनआरव्ही असून पंप चालू असेल, तर बंबाच्या दाबाचे ७ बार आणि पंपाचे ७ बार मिळून १४ बार होतील. स्प्रिंकलर आणि फिटिंग साधारणपणे १२ बारची असतात.

इनलेटची लाइन पंपाचा डिलिव्हरी एनआरव्ही आणि त्यापुढचा व्हॉल्व्ह ओलांडून, मुख्य पाइपाला मिळाली पाहिजे. एकाच इमारतीत तीन-चार अलार्म व्हॉल्व्ह (स्प्रिंकलरमधून पाणी वाहू लागले की घंटा वाजवणारे) असतील तर जोड त्यांच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला घ्या, म्हणजे सगळ्यांना पाणी मिळेल. पंप हाऊसमधला एकही व्हॉल्व्ह बंबाच्या वाटेत नको.

प्रश्न : पंप चालू असताना बंबानेही पाणी सोडले, तर दाब दुप्पट होऊन पाइप फुटणार नाही का? (जालना)

उत्तर : डिलिव्हरीच्या बाजूला जोड असेल तर नाही. तिथे दाबांची बेरीज होत नाही. ज्याचा दाब जास्त, त्याचा एनआरव्ही उघडतो आणि दुसऱ्याचा मिटतो. पंप ८ बार देत असताना बंब ७ वर चालवला, तर बंबाचे पाणी आत शिरणारच नाही आणि जवानांना वाटेल लाइन चोकअप आहे. म्हणून किती दाब द्यायचा ते इनलेटजवळच्या पाटीवर ठळक लिहा. ही पाटी मला फार महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी नसते.

प्रश्न : इनलेटच्या लाइनवर दुरुस्तीसाठी बटरफ्लाय व्हॉल्व्ह (हाताने उघड-बंद करायचा) ठेवावा का? (परभणी)

उत्तर : नको. फक्त एनआरव्ही ठेवा.

प्रश्न : आमच्या भागात रस्त्यावर हायड्रंट (बंबाला पाणी देणारा नळ) नाही. मग इनलेटचा उपयोग काय? (लातूर)

उत्तर : २०१६ साली ज्या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथून हा प्रश्न येणारच. हिशेब करू. साध्या, म्हणजे के-८० स्प्रिंकलरमधून १ बारला मिनिटाला ८० लिटर पाणी पडते. दहा उघडले तर ८०० लिटर. साडेचार हजार लिटरचा बंब सहा मिनिटांच्या आत रिकामा होतो. म्हणून बंबाकडून पाण्याची आशा धरू नका, त्याचा पंप वापरा. पाणी तुमच्याच भूमिगत टाकीतले असू द्या. त्यासाठी टाकीला ड्रॉ-आउट, म्हणजे बंबाला पाणी ओढून घेता येईल अशी, जोडणी हवी आणि ती इनलेटजवळच हवी. बंब एका जागी उभा राहून टाकीतून पाणी ओढेल आणि शेजारच्या इनलेटमध्ये दाबेल. पाण्याची पातळी बंबाच्या पंपापासून सहा-सात मीटरहून खाली गेली तर ओढणे अवघड होते, तेव्हा टाकी खोल करण्यापेक्षा पसरट करा.

अनेक आवारांत टाकी भरण्याचा आणि स्प्रिंकलरचा असे दोन इनलेट शेजारी असतात, दोन्ही लाल, दोन्ही सारखेच. धुरात, रात्री, चुकीचा इनलेट निवडला की पाणी टाकीत आणि आग तशीच. दोन्हींवर मराठीत नावे रंगवा. जागा फाटकाजवळ, ट्रान्सफॉर्मरपासून दूर, आणि समोर मालाचा ट्रक उभा राहणार नाही अशी निवडा. पितळी टोप्या चोरीला जातात, मग आत गुटख्याच्या पुड्या आणि पाखरांची घरटी सापडतात. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या दाखल्याच्या, म्हणजे जानेवारी-जुलैच्या फॉर्म ‘ब’च्या तपासणीत एजन्सीला टोपी उघडून आत बोट घालून बघायला सांगा आणि त्याच दिवशी लाइनमध्ये पाणी सोडून एनआरव्ही उघडतो का, तेही पाहून घ्या.