ठाण्याहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जायचंय? आधी हे वाच

रोज घरापासून ऑफिसपर्यंत ओला-उबर करायचा विचार सोड, पगार रस्त्यातच संपेल. लोकलचा ठाणे-कुर्ला मासिक पास काढ. कुर्ल्याला थांबणारी फास्ट बघूनच चढ. उतरल्यावर पश्चिमेला ये.

बाहेर शेअर रिक्षांची रांग असते. मागे तीन सीट. ड्रायव्हरशेजारी 'चौथी सीट' म्हणून बोलावलं तर बसू नकोस. एक खड्डा आला की लटकलास. बीकेसी पसरलेलं आहे, म्हणून नुसतं 'बीकेसी' म्हणू नकोस. 'डायमंड बोर्सला सोडणार का?' असं नेमकं विचारून बस. सुट्टे खिशात हवेतच, सकाळी दहाला पाचशेच्या नोटेवर कोणी हसतसुद्धा नाही. रांग फारच लांब असेल तर बेस्टची 310 नंबरची बस पकड.

संध्याकाळी मात्र रिक्षावाल्यांचा भाव चढतो. तेव्हा बसच बरी.

मुसळधार पावसात कुर्ला पश्चिमेचा नाद सोड. घाटकोपरलाच उतर (तुझ्या पासात ते येतंच), मेट्रो 1 ने मरोळ नाका, तिथे मेट्रो 3 धरून थेट बीकेसी. वळसा आहे, पैसेही जास्त, पण तुंबलेल्या रस्त्यात मीटर बघत बसावं लागत नाही.