सव्वादोन एकर ऊस आणि वारसाकराची धास्ती

प्रश्न : वडील जाऊन दोन महिने झाले. वाळवा तालुक्यात सव्वादोन एकर ऊस आहे. मागं आई, आम्ही दोघे भाऊ, एक बहीण. शेतीवरच्या वारसाकराविरुद्ध इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी लंडनमध्ये ट्रॅक्टर नेले, असं वाचलं. आपल्याकडंही असा कर आहे का? पाहुणे म्हणतात, त्याआधी जमीन विका.

उत्तर : पाहुण्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. आपल्याकडची ‘इस्टेट ड्यूटी’, म्हणजे वारसाकरच, १९५३ साली आली, १९८५ साली गेली. परत आलेली नाही.

तुमची घाई वेगळी आहे, दादा. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं द्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). मी तीस वर्षं हेच काम केलं. पणजोबाच्या नावावर राहिलेला सातबारा दिसला की पोटात गोळा यायचा. वारस वीस, सह्या पाच.

फेरफारात (म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) आई आणि बहीण दोघींचीही नावं लावा. बहिणीचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे. ‘ती सोडणारच’ हे तुम्ही ठरवू नका. सोडलाच, तर तिच्या मनानं आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं.

वाटणीचं म्हणाल, तर एवढ्यात नको. विहीर एकच आहे ना?