132 किलोवॅटच्या ड्राइव्हला चोक: 3 टक्के की 5?

जालन्याच्या रोलिंग मिलमधला 132 किलोवॅटचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), एपीएफसी पॅनेलमधला (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं पॅनेल) कपॅसिटर लागला की ओव्हरव्होल्टेज ट्रिप, आणि व्हेंडर म्हणतोय 5 टक्क्यांचा लाईन चोक बसवा, म्हणजे ड्राइव्हच्या इनपुटला अशी कॉइल, जिच्यावर फुल लोडला सप्लायच्या 5 टक्के व्होल्टेज पडतं. तुमचा प्रश्न एवढाच ना?

मी 3 टक्केच घेईन. आधी मॅन्युअल उघडून ड्राइव्हच्या आत डीसी चोक आहे का ते बघा. असला तर हार्मोनिक्स (50 हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट) कमी करण्याचं बरंचसं काम तोच करतो. पण तो रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडनंतर) असतो, त्यामुळे लाईनवरून येणाऱ्या झटक्यापासून डायोड वाचवायला एसी चोक लागतोच. 5 टक्क्यांनी हार्मोनिक्स अजून थोडे उतरतील, पण फुल लोडला डीसी बसचं, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेजही उतरेल. उन्हाळ्यात तुमच्याकडे व्होल्टेज 380 च्या आसपास येत असेल, तर ओव्हरव्होल्टेज जाऊन अंडरव्होल्टेज ट्रिप सुरू व्हायची.

चोक मोटरच्या किलोवॅटवर घेऊ नका, ड्राइव्हच्या इनपुट करंटवर घ्या. 415 व्होल्ट, 250 अँपिअर धरले तर 3 टक्क्यांना साधारण 0.09 मिलीहेन्री येतात. व्हेंडरला एकच विचारा: दीडपट करंटला इंडक्टन्स किती टिकतो? बिलेट (पोलादाची कांडी) रोलमध्ये शिरताना करंट उसळतो. नेमका तेव्हाच कोअर सॅच्युरेट झाला, म्हणजे चुंबकत्वाची मर्यादा गाठून इंडक्टन्स कोसळला, तर तो चोक नुसता तांब्याचा तुकडा. स्वस्त मालात हीच गोम असते.

बसवताना ड्राइव्हच्या खाली अजिबात नको, सगळी गरम हवा थेट त्याच्या फॅनमध्ये जाते. बहुतेक ड्राइव्हचं पूर्ण रेटिंग 40 अंशांपर्यंतच असतं, आणि मे महिन्यातला जालना तुम्हाला मी काय सांगावा! वेगळी, हवेशीर पेटी करा. मिलमधली स्केलची (तापलेल्या पोलादावरून सुटणाऱ्या पापुद्र्याची) पूड लोखंडी असते, चोकच्या कोअरमधल्या गॅपपाशी जाऊन चिकटते, म्हणून जाळीला फिल्टर हवाच. चोकचा थर्मल स्विच ड्राइव्हच्या एक्स्टर्नल फॉल्ट इनपुटला जोडा, म्हणजे चोक तापला की ड्राइव्ह थांबेल; तो नुसता लोंबकळत ठेवलेला फार ठिकाणी दिसतो. वाइंडिंग ॲल्युमिनियमचं असेल तर केबलच्या कॉपर लगखाली बायमेटल (तांबं-ॲल्युमिनियम) वॉशर घाला. आठवडाभर मिल चालली की सप्लाय लॉक करून, डीसी बस डिस्चार्ज झाल्याची खात्री करून बोल्ट पुन्हा टॉर्कने आवळा.

आता मूळ दुखणं. एपीएफसीचे कपॅसिटर रिॲक्टरशिवाय नुसतेच असतील, तर ड्राइव्हचे हार्मोनिक्स त्यांच्यातच घुसतात आणि रेझोनन्सचाही धोका राहतो. तिथे 7 टक्क्यांचा डीट्यून्ड रिॲक्टर लागतो. त्याचं ट्यूनिंग 189 हर्ट्झला, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या 250 हर्ट्झच्या खाली असतं. तो कपॅसिटरच्या सिरीजमध्ये बसतो. ड्राइव्हच्या चोकशी त्याची गल्लत करू नका. कपॅसिटरही त्यासोबत जास्त व्होल्टेजच्या रेटिंगचे घ्यावे लागतील, जुने चालणार नाहीत.