वाचलं की नुसतं लिहिलं?

प्रश्न: आमची शाळा द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, 28 मुलं. घरी वाचायला पुस्तक देते, वहीत नाव लिहून पालकांची सही मागते. सह्या येतात, पण गोष्ट विचारली की मुलं गप्प. एकाने तर महिन्यात 40 पुस्तकांची नावं लिहिली! खरं वाचन कसं ओळखायचं?
— एक शिक्षिका, ता. धारूर, जि. बीड

उत्तर: आधी सही बंद करा. आईवडील उजाडायच्या आत रानात जातात, कित्येकांना वाचताही येत नाही. मग सही पोरगंच ठोकतं. 40 चंही तेच. आकड्याला शाबासकी मिळते म्हटल्यावर आठ पानी पुस्तकंच उचलली जाणार.

वाचन वर्गातच घ्या, रोज ठरल्या वेळी 15 मिनिटं. पहिला आठवडा सातच मिनिटं ठेवा, नाहीतर चुळबुळ सुरू होते. पुस्तक निवडण्यात हा वेळ जातो, म्हणून परिपाठाआधीच प्रत्येकाकडे दोन पुस्तकं असू द्या. निवडताना मधलं पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचं. मूठ मिटली की पुस्तक परत. पानावर दोनच ओळी असलेल्या चित्रपुस्तकांना मात्र हे माप लागू नाही.

नोंदीला पुठ्ठ्याचं कार्ड, तीनच रकाने: तारीख, पुस्तक, कितव्या पानापासून कितव्या पानापर्यंत. रोज चार पानं वाचणाऱ्याने अचानक 30 लिहिली, तर त्याच्याशीच आधी बोला. कंटाळवाणं पुस्तक ‘सोडलं’ असं लिहायची मोकळीक हवीच. सारांश लिहून घेऊ नका; त्या धास्तीने पुस्तकच नको होतं.

खरा हिशेब बोलण्यातून लागतो. रोज तीन मुलं, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. दहा दिवसांत सगळा वर्ग होतो. मूल जिथे पोचलंय तिथूनच अर्धं पान मोठ्याने वाचून घ्या, मग विचारा, ‘आता पुढं काय होईल?’ छापलंय ‘आड’ आणि मूल वाचतं ‘विहीर’, तर ते चित्रावरून अंदाज बांधतंय. गोष्ट त्याला कळलीय, अक्षराकडे लक्ष नाही. शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचायला लावा. घडाघडा वाचून काहीच सांगता न येणारं मूल जास्त काळजीचं. त्याला सोपं पुस्तक द्या.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसोबत कार्ड आणि ‘किशोर’ मासिकाचे दोन-तीन जुने अंक द्या. परत आल्यावर कार्ड कोरं असलं तरी रागावू नका, नाहीतर ते मूल पुस्तकांच्या पेटीकडे फिरकणार नाही.

आणि पेटीला कुलूप नको. डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत पुस्तक कमी भरेल याची भीती सगळ्यांनाच असते, पण फाटक्या पुस्तकांचं निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदीतून कमी करता येतात. वर्गात दोरी बांधून पुस्तकं त्यावर अडकवा, मुखपृष्ठ मुलांकडे.