ठग, थग आणि स्थगिती

प्रश्न असा: इंग्रजी चित्रपटांच्या मराठी उपशीर्षकांत ‘थग’ला ‘ठग’ लिहितात. शब्द मूळचा आपलाच, मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते शब्दाच्या अर्थात. इंग्रजीतला ‘थग’ म्हणजे दमदाटी, मारहाण करणारा गुंड. ठग हात उगारत नाही, गोड बोलून गंडवतो. ठकणे, ठकवणे, ठकबाजी, ठकास महाठक यांत रक्ताचा थेंबही नाही. तरी बातम्यांतसुद्धा हल्ली हल्लेखोर ‘ठग’ होतात, हे वाचवत नाही.

मूळ पाहा, फार सुंदर आहे. संस्कृत ‘स्थग्’ म्हणजे झाकणे. ‘स्थग’ म्हणजे लबाड, मनातलं झाकून ठेवणारा. ‘स्थगी’ म्हणजे पानाचा डबा. आणि ‘स्थगित’ म्हणजे आधी झाकलेलं, मग बंद केलेलं, मग थांबवलेलं. न्यायालयाची स्थगिती आणि बाजारातला ठग एकाच घरचे! स्थगितीला ‘स्था’ धातूशी जोडणारे साफ चुकतात. ‘स्था’चं ‘स्थित’ होतं. मधला ‘ग’ त्यांनी कुठून आणला? लॅटिनमधलं झाकणं म्हणजे ‘तेगेरे’, त्यातूनच रोमनांचा टोगा. इंग्रजीतलं गवती छपराचं ‘थॅच’ही त्याच कुळातलं. संस्कृतात ‘त’चा ‘थ’ का झाला, असा आक्षेप काही भाषाशास्त्रज्ञ घेतात. अर्थ इतका चपखल बसत असताना तेवढ्यावर नातं तोडायला मी तयार नाही.

मग ‘ठग’ला खुनी हा अर्थ आला कुठून? रॉबर्ट ड्रमंडच्या १८०८ सालच्या, मुंबईत छापलेल्या गुजराती-मराठीवरच्या पुस्तकात ठग म्हणजे नुसता फसवणारा. वाटसरूंचा गळा आवळणाऱ्यांना दक्षिणेत ‘फांसीगर’ म्हणत. त्या नावात फास आहे. उत्तरेत त्यांना ठग म्हणत, ते ढोंगामुळे: वाटेत सोबती व्हायचं, विश्वास कमवायचा, मग रुमाल. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याने १८३६ साली छापलेल्या त्यांच्या बोलीच्या शब्दसंग्रहात भुलवणाऱ्याला एक शब्द आहे, गळा आवळणाऱ्याला दुसरा. इंग्रजीने त्यातला भुलवणारा सोडला आणि आवळणारा तेवढा ठेवला.

१८३९ साली मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ थग’ या कादंबरीने हा शब्द विलायतेत घरोघरी नेला. तिचा निवेदक अमीर अली मुसलमान आहे, आणि पकडलेल्या टोळ्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही होते. पडद्यावर मात्र उरला तो कालीचा रक्तपिपासू पंथ. १९८४ सालच्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मध्ये तर गळा आवळणंही मागे पडलं, पुजारी हाताने जिवंत माणसाचं काळीज उपटतो. काळीज काढून बळी देणं मेक्सिकोतल्या ॲझ्टेकांचं. ते भारतीय देवीच्या नावावर खपवलं. भारतात परवानगी मिळाली नाही, म्हणून बाहेरचं चित्रीकरण श्रीलंकेत केलं. ‘पूर्वेकडचं’ दिसलं की पुरे, देश कुठला आणि विधी कुणाचा याची फिकीर नाही. हाच इंग्रजीतला ‘थग’ आपण आपल्या ‘ठग’वर का लादायचा?

तेव्हा उपशीर्षकात ‘थग’ला ‘गुंड’ लिहा. ‘कॉनमन’ आला, की ‘ठग’ लिहा.