कुत्र्यांची बाग : आधी फाटक आणि निचरा, मग खेळणी

प्रश्न : प्रभागातल्या बागेचा दहा गुंठ्यांचा पडीक कोपरा कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी मिळतोय. एवढी जागा पुरेल का? (कोथरूड, पुणे)

पुरेल, पण तिचे दोन भाग कराच. दहा गुंठे म्हणजे साधारण २५ बाय ४० मीटर. त्यातला २५ बाय १२.५ मीटरचा तुकडा पग, शिट्झूसारख्या लहान कुत्र्यांना द्या, उरलेला मोठ्यांना. लॅब्रेडॉरनं खेळता खेळता अंगावर उडी घेतली तरी पाच किलोच्या कुत्र्याचं हाड मोडू शकतं.

बाहेरचा घेर १३० मीटर आणि मधली आडवी २५, मिळून १५५ मीटर चेनलिंक जाळी. अडीच मीटरवर खांब धरले तर ६१ लागतील, फाटकांचे वेगळे. उंची निदान पाच फूट हवी, सहा असेल तर उत्तम. जाळीचं खालचं टोक सहा इंच काँक्रीटच्या पट्टीत गाडा. पावसात माती खचली की जाळीखाली फट पडते आणि उकरणारं कुत्रं तिथूनच निसटतं. कोपरे काटकोनात ठेवू नका, तिरपे कापा. कोपऱ्यात कोंडलेलं कुत्रं चावतं.

प्रश्न : दुसऱ्या फाटकाचा खर्च टाळता येईल का? (नाशिक)

नाही. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात मोबाइल, कोपरानं कडी उघडलेली. तेवढ्या क्षणात आतलं कुत्रं पायांमधून रस्त्यावर जातं. म्हणून दोन फाटकांच्या मध्ये तीन बाय तीन मीटरची बंदिस्त जागा ठेवा. बाहेरचं लागलं की मगच आतलं उघडायचं. दोन्ही फाटकं मैदानाच्या दिशेनं, आत उघडणारी करा, म्हणजे आतून धडक बसली तर ती बंदच होतील. बिजागऱ्या स्प्रिंगच्या, खालची फट दोन इंचांहून कमी.

पट्टा या मधल्या जागेतच काढायचा. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात बांधलेलं कुत्रं शिरलं की त्याला पळता येत नाही, ते घाबरतं आणि भांडण तिथंच पेटतं. बाकं फाटकापासून लांब ठेवा, कारण माणसं बसतात तिथंच कुत्री जमतात. पाण्याच्या टँकरसाठी साडेतीन मीटरचं तिसरं फाटक हवं. ते एरवी कुलपात.

प्रश्न : हिरवळ लावली होती. पावसाळ्यात चिखल झाला, उन्हाळ्यात पिवळे डाग पडले. काय चुकलं? (छत्रपती संभाजीनगर)

दोन वेगळी दुखणी आहेत. लघवीतलं नत्र एकाच जागी जास्त पडलं की गवत जळतं. डागाभोवती गडद हिरवं कडं दिसतं, कारण तिथं तेच नत्र विरळ होऊन खतासारखं लागू पडतं. यावर औषध नाही. जागेवर लगेच पाणी मारायचं, त्यासाठी आत नळ हवा. विलायती लॉनपेक्षा आपली हरळी लावा, ती लवकर सावरते. मैदान अर्धं-अर्धं करून तीन-चार आठवडे आळीपाळीनं बंद ठेवा.

चिखल काळ्या मातीमुळे. सगळं मैदान खोदायची गरज नाही. फाटकापासून पाच-सहा मीटरच खरे तुडवले जातात. तिथली माती फूटभर काढा. खाली सहा इंच ४० मिमी खडी, तिच्यावर चार इंच मुरूम, वर दोन इंच कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा, प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. दहा मीटरला पंधरा सेंटिमीटर उतार द्या, फाटकाच्या उलट दिशेला. डबकं राहिलंच तर ते उपसेपर्यंत बाग बंद ठेवा, कारण उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार तिथूनच पसरतो.

हे काम झाडांच्या बुंध्यापासून लांब ठेवा, मुळांवर मुरूम दाबला तर झाड गुदमरतं. सावली गेली तर एप्रिल-मेमध्ये इथं कोणी फिरकणार नाही. आणि कण्हेर, बिट्टी, सायकस ही सार्वजनिक बागांमधली नेहमीची झाडं कुत्र्यांना विषारी आहेत. ती आवारात नकोतच.

बोगदे, उड्यांचे अडथळे यांवर आधी पैसे घालू नका. कुत्र्याला पळायला जागा आणि हुंगायला दुसरं कुत्रं मिळालं की ते खूश असतं. पैसा जमिनीखाली आणि फाटकात घाला.

प्रश्न : शी बागेच्या खतखड्ड्यात टाकली तर चालेल? (ठाणे)

नको. त्यात जंतांची अंडी असतात आणि साध्या खड्ड्यात ती मरण्याइतकी उष्णता येईलच याची खात्री नसते. प्रत्येक फाटकाशी झाकणाचा डबा ठेवा आणि तो रोज रिकामा करा. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून चार महिन्यांखालची पिल्लं आणि लसीकरण अपुरं असलेली कुत्री आत नकोत. माजावर आलेली मादीही नको.

प्रश्न : त्या कोपऱ्यात चार भटकी कुत्री राहतात. त्यांना हलवता येईल का? (पुणे)

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पकडलं तिथंच परत सोडायचं असतं. म्हणून त्यांची रोजची बसायची जागा कुंपणाबाहेर राहील असा आराखडा करा. खाऊ घालायची जागा दोन्ही फाटकांपासून आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर, वेळ ठरलेली. ज्यांच्या कानाला नसबंदीची खूण म्हणून केलेली खाच नाही त्यांची यादी खांब रोवण्याच्या दोन-तीन महिने आधीच पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला द्या.